किनारा फेरी काढायची आहे? आधी पंचांग उघडा

"मुंबईच्या समुद्रात आता काय उरलंय? नुसतं घाण पाणी!" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे, आणि बोलणारी माणसं बहुतेकदा समुद्रापासून दहा मिनिटांवर राहणारी असतात. याच मुंबईत हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहे. किनारी रस्त्याच्या कामाच्या आड आलेल्या १८ प्रवाळ वसाहती २०२० मध्ये तिथून काढून दुसरीकडे हलवाव्या लागल्या, तेव्हा कुठे बऱ्याच मुंबईकरांना आपल्याकडे प्रवाळ असल्याचं कळलं.

गेली सात वर्षं मी पश्चिम उपनगरातल्या एका खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी लोकांना घेऊन जाते. कधी सोसायटीतली कुटुंबं असतात, कधी जवळच्या शाळांची मुलं, कधी नुसते चालायला आलेले आजोबा. मी शास्त्रज्ञ नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमाच्या सार्वजनिक फेऱ्यांबद्दल ऐकलं आणि आपल्या घराजवळही हे करावं असं वाटलं. पहिल्या वर्षी चुका भरपूर झाल्या. काही माणसांच्या जिवावर बेतू शकल्या असत्या, काही किनाऱ्यावरच्या जिवांच्या जिवावर बेतल्याही. तुमच्या गावात, तुमच्या वॉर्डात अशी फेरी सुरू करायची असेल तर त्या चुका तुमच्याकडून होऊ नयेत, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

१. एकच किनारा निवडा

नवखी माणसं दर महिन्याला नवी जागा शोधतात. तसं करू नका. एक किनारा धरा आणि वर्षभर तिथेच जा. कुठल्या कपारीत खेकडा बसतो, कुठल्या डबक्यात पाणी टिकतं, कुठला दगड शेवाळानं निसरडा आहे, हे पायाखाली बसल्याशिवाय दुसऱ्याला नेता येत नाही.

जीव पाहायचे तर खडकाळ किनारा सगळ्यांत चांगला. वाळूच्या किनाऱ्यावरही खूप काही असतं, पण ते वाळूखाली दडलेलं असतं आणि नवख्या डोळ्याला दिसत नाही. जागा ठरवताना सांडपाण्याचं तोंड जवळ नाही ना ते बघा. बंदराची किंवा संरक्षण खात्याची हद्द टाळा.

परतीची वाट मात्र सगळ्यांत नीट बघा. अनेक ठिकाणी खडक आणि किनारा यांच्यामध्ये सखल चर असतो. भरती लागली की पाणी समोरून येताना दिसतं, पण आधी भरतो तो मागचा चर. तिसऱ्या फेरीत माझ्यासोबत २२ जण होते. आम्ही समोरच्या पाण्याकडे लक्ष ठेवून निवांत उभे होतो आणि मागे गुडघाभर पाणी झालं होतं. मुलांना कडेवर घेऊन बाहेर काढलं. कोळीवाड्यातल्या एक मावशी लांबून हाका मारत होत्या, त्या मला ऐकू आल्या नव्हत्या. त्या दिवसापासून एक माणूस फक्त चराकडे तोंड करून उभा असतो. त्याला दुसरं कुठलंही काम देत नाही.

२. ओहोटीचं गणित शिका

रविवारी सुट्टी आहे म्हणून रविवारी फेरी, असं होत नाही. तारीख चंद्र ठरवतो.

कोकणात जुनं गणित आहे: तिथीची पाऊणपट. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे रात्री आणि दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण भरती. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेआठच्या आसपास, आणि मग पुन्हा रात्री आठच्या सुमारास. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. रोज ही वेळ पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

पण नुसती वेळ कळून भागत नाही, पाणी किती आत जाणार हेही कळायला हवं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: भरती मोठी, तशी ओहोटीही खोल. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी ना धड चढत, ना धड उतरत. भांगाच्या दिवशी लोकांना नेलंत तर ओल्या खडकांशिवाय काही दिसायचं नाही. मी प्रतिपदा ते चतुर्थी हे दिवस धरते. तेव्हा ओहोटी खोल असते आणि ती सकाळी सात ते सव्वानऊच्या दरम्यान येते, म्हणजे उजेड असतो आणि ऊन तापलेलं नसतं.

पाऊणपटीचं गणित तारीख निवडायला वापरा. फेरीच्या दिवशी मात्र छापील किंवा ऑनलाइन भरती-ओहोटी तक्त्यावरच विसंबा. मुंबईत ओहोटीची उंची ०.८ मीटरच्या खाली असेल तरच मी फेरी ठेवते. दक्षिणेकडे, रत्नागिरी-सिंधुदुर्गात भरती-ओहोटीतला फरक मुंबईपेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे तिथला आकडा तिथल्या जाणत्यांना विचारून ठरवा. मोबाइलवरच्या ॲपमध्ये बंदर कोणतं निवडलं आहे ते दोनदा तपासा. मुंबईतल्या मुंबईत खाडीच्या आतल्या बाजूला पाणी उशिरा उतरतं. एका मैत्रिणीच्या ॲपमध्ये तर भारतीय वेळेऐवजी ग्रिनिचची वेळ दिसत होती आणि ती साडेपाच तास चुकली.

आता चालायचं वेळापत्रक. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पाण्याकडे उतरायला लागा, पाण्यामागोमाग जा, आणि पूर्ण ओहोटीची वेळ झाली की मागे वळा. "अजून पाणी कुठे आलंय?" असं कोणीतरी म्हणेलच. भरतीचा पहिला तास फसवा असतो. एकूण चढणाऱ्या पाण्याचा बारावा भाग फक्त त्या तासात येतो, दुसऱ्या तासात दोन भाग, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात तीन-तीन भाग. चार मीटरची भरती असेल तर पहिल्या तासात फूटभर पाणी चढतं आणि एकट्या तिसऱ्या तासात मीटरभर.

जून ते सप्टेंबर लोकांना खडकावर नेऊ नका. १ जून ते ३१ जुलै तर राज्यात यांत्रिक मासेमारीही बंद असते. इतर महिन्यांतही आदल्या दिवशी हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेचा लाटांचा इशारा पाहायचा. उंच लाटांचा इशारा असेल तर फेरी रद्द. चर्चा नाही.

३. कोळीवाड्यात जाऊन बोला

ही पायरी लोक सगळ्यांत शेवटी करतात किंवा करतच नाहीत. मीही पहिले सहा महिने केली नव्हती आणि त्याची मला आजही खंत वाटते.

तुम्ही ज्या खडकावर 'निसर्ग पाहायला' जाणार, तिथे कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या पोट भरतं आहे. ओहोटीला खडकाला चिकटलेली कालवं फोडणाऱ्या, तिसऱ्या-खुब्यांसारखे खाण्याचे शिंपले वेचणाऱ्या बायका तो किनारा कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त जाणतात. आमच्या एका फेरीत शहरातल्या एका बाईंनी कालवं फोडणाऱ्या मावशींना "जीव का मारता?" असं सगळ्यांसमोर विचारलं. मावशी काही न बोलता टोपली उचलून निघून गेल्या. त्यांची दोन तासांची ओहोटी, म्हणजे त्या दिवसाची कमाई, आमच्यामुळे बुडाली. कालवं हातानं फोडणाऱ्या बाईमुळे समुद्र रिकामा झालेला नाही. भराव, सांडपाणी आणि किनाऱ्यापर्यंत येऊन सगळंच ओरबाडून नेणारी मोठी जाळी यांचं ते काम आहे. हे फेरीच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगत जा.

आधी मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात जा, गावात असाल तर ग्रामपंचायतीतही जा. कोण आहात, कशासाठी येणार, किती माणसं असतील, ते सांगा. मग एखाद्या मावशींना फेरीत सोबत येण्याची विनंती करा आणि त्यांना मानधन द्या. 'आदरानं बोलावलं' एवढ्यावर भागवू नका. त्यांचा वेळ ओहोटीचा वेळ आहे. आमच्या फेरीत आता मावशीच पुढे चालतात. खडकावरची एक रेघ दाखवून त्या सांगतात, "पूर्वी कालवं इथपर्यंत लागायची." मी तासभर बोलून जे होत नाही ते त्या एका वाक्यानं होतं.

फोटो काढण्याआधी त्यांना विचारा. मुलांनाही तसंच शिकवा.

४. परवानग्या आणि कागद

खुल्या खडकाळ किनाऱ्यावर पंधरा माणसं घेऊन जायला सहसा अडचण येत नाही. पण खालच्या गोष्टी जपा:

कांदळवनात शिरायचं असेल तर वन विभागाची परवानगी घ्या. सरकारी जमिनीवरची कांदळवनं राखीव वनं म्हणून अधिसूचित आहेत.

मालवणला सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून. त्याच्या हद्दीतला उपक्रम वन विभागाला विचारूनच करा.

शाळेची मुलं असतील तर मुख्याध्यापकांचं पत्र आणि प्रत्येक पालकाचं संमतिपत्र हवं. संमतिपत्रात ओहोटीची वेळ, परतीची वेळ आणि 'बंद बूट सक्तीचे' हे लिहा.

सगळ्यांच्या नावांची यादी, प्रत्येकाच्या घरचा एक फोन नंबर, कोणाला दमा, ॲलर्जी किंवा फिट्‌सचा त्रास आहे का, याची नोंद. हा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्वतःजवळ ठेवा. खडकावर मोबाइल पाण्यात पडतो, कागद उरतो.

आणि एक कायदा सगळ्यांना तोंडी सांगा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं खडकाळ प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्री कासवं यांना पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत बसवलं आहे. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा मेलेला तुकडा 'शोभेला' घरी नेणं हाही गुन्हा ठरतो.

५. सामान

घट्ट बसणारे, खाचा असलेल्या तळव्याचे बंद बूट. चप्पल, सँडल किंवा अनवाणी पाय चालणार नाहीत. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. चप्पल घालून आलेल्या पाहुण्याला मी वाळूवरच थांबवते. वाईट वाटतं, तरी थांबवते.

शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी, चिमटा, हातमोजे, भिंग, पाणी, टोपी. त्याशिवाय थर्मासमध्ये कडकडीत गरम पाणी. हे कशाला, ते सातव्या पायरीत येईल. बादली, जाळी, बरणी यांतलं काहीही नको. हातात बरणी असली की मूल त्यात काहीतरी भरतंच.

६. काय दाखवायचं, कसं दाखवायचं

पंधरा माणसांमागे एक सांगणारा आणि एक सांभाळणारा, यापेक्षा मोठा गट करू नका. दीड तासात सहा-सात जीव दाखवले तरी पुष्कळ झाले. यादी पुरी करण्याच्या घाईत कोणालाच काही नीट दिसत नाही.

सुरुवात वरच्या कोरड्या खडकापासून करा. तिथे खडकावर पांढरे, खरखरीत, ज्वालामुखीच्या तोंडासारखे ठिपके असतात. "हा दगड आहे की जीव?" एवढाच प्रश्न विचारा आणि गप्प राहा. ते बार्नेकल. ते शिंपल्याचे भाऊबंद वाटतात, पण आहेत कोळंबी-खेकड्यांच्या कुळातले. लहानपणी पाण्यात तरंगतात, मग एक जागा पसंत करून डोकं खडकाला चिकटवतात, आणि उरलेलं आयुष्य पाय हलवून पाण्यातलं अन्न तोंडाशी ओढतात. इतकं ऐकल्यावर मुलं त्या खडकावर पाय ठेवताना स्वतःहून जपतात.

थोडं खाली कालवांचा थर लागतो. त्याच्या आसपास शंख चालताना दिसला तर थांबा. आत गोगलगाय आहे की खेकडा ते सगळ्यांना ओळखू द्या. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा खेकडा वाढला की त्याला मोठं घर लागतं, आणि ते घर म्हणजे किनाऱ्यावरचा रिकामा शंखच. घरच्या काचेच्या भांड्यासाठी शंख वेचून नेणं का बरं नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीनं पुढच्या फेरीला घरचे सगळे शंख आणून वाळूवर ठेवले होते.

सगळ्यांत खाली, पाणी जेमतेम उतरतं तिथे खरी दौलत असते: झोअँथिड या समुद्रफुलांच्या चिमुकल्या भाऊबंदांचे हिरवे-तपकिरी गालिचे, समुद्रफुलं, स्पंज, प्रवाळ, नशीब असेल तर ऑक्टोपस. ओहोटीला समुद्रफुलं मिटलेली असतात आणि जेलीच्या गोळ्यासारखी दिसतात. लोक त्यांच्यावर पाय देतात. एखादं डबक्यात उघडलेलं शोधून ठेवा आणि मग शेजारचा मिटलेला गोळा दाखवा. माणसं आपली पावलं मागे घेतात, हे दर वेळी पाहते मी.

खाडीच्या तोंडाशी चिखल असेल तर निवट्या दाखवा. ताटात ओळखीचा असलेला हा मासा त्वचा ओली ठेवून हवेत श्वास घेतो आणि चिखलावर उड्या मारतो. शेजारी पांढरी चिप्पी असेल तर तिची चिखलातून वर आलेली श्वसनमुळं पाहा. २०२० मध्ये तिला राज्याचं कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला आहे. ज्यांच्या जवळ असा किनारा नाही त्यांनी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जाऊन यावं.

दगड उलटे करू नका. पहिल्या फेरीत मी लोकांना खेकडे दाखवायला पाच-सहा दगड उलटले आणि तसेच सोडले. दुसऱ्या दिवशी गेले तर खालच्या बाजूचे स्पंज आणि कुठल्याशा जिवाची अंडी उन्हात सुकून पांढरी पडली होती. ते दगड अजून डोळ्यांसमोर आहेत.

एखाद्या जिवाचं नाव आलं नाही तर "मला माहीत नाही, फोटो काढून विचारू" असं सरळ म्हणा. ठोकून नाव देऊ नका. ते चुकीचं नाव वीस घरांत जातं.

७. हात लावायचा नाही, आणि लागलाच काटा तर

तीन-चार गोष्टी नक्की ओळखायला शिका. सुंदर नक्षीचा, आइस्क्रीमच्या कोनासारखा शंख दिसला तर तो कधीही उचलू नये. कोन गोगलगाय विषारी दात मारते आणि काही जातींचा दंश जीवघेणा असतो. पावसाळ्याच्या दिवसांत जुहू-गिरगावला निळे फुगे वाहून येतात ते ब्ल्यूबॉटल. मेलेल्या फुग्याचे धागेही डसतात. उथळ पाण्यातल्या वाळूत पाकट हा चपटा मासा दडून बसतो. जाळ्यातून टाकलेला शिंगाळा मासा वाळूत पडलेला असला तरी त्याचे काटे तितकेच वाईट.

पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर जखम धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. थर्मास यासाठी. पाणी भाजणारं नाही ना, ते आधी स्वतःच्या हातावर पाहा. काट्याचे तुकडे आत राहतात, म्हणून वेदना थांबली तरी डॉक्टरांकडे जायचंच. ब्ल्यूबॉटल डसला तर समुद्राच्याच पाण्यानं धुवा, धागे चिमट्यानं काढा, मग गरम पाण्याचा शेक द्या. वाळू चोळू नका, गोडं गार पाणी ओतू नका. कोन गोगलगायीच्या दंशाची शंका आली तर तो हात किंवा पाय हलू न देता थेट रुग्णालय.

८. कासव किंवा मोठा जीव वाहून आला तर

किनारा नेहमीचा झाला की लोक तुम्हालाच फोन करतील. म्हणून हे आधी ठरवून ठेवा.

जिवंत कासव किनाऱ्यावर दिसलं की माणसं उचलून पाण्यात ढकलतात. ते बहुधा जखमी किंवा थकलेलं असतं आणि बुडतं. त्याला सावली करा, पाठीवर ओलं फडकं ठेवा, गर्दी आणि कुत्री लांब ठेवा, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. डॉल्फिन असेल तर श्वासाचं छिद्र डोक्यावर असतं, तिथे पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका.

मच्छीमारांना एक गोष्ट आवर्जून सांगा, कारण अजून अनेकांपर्यंत ती पोचलेली नाही: जाळ्यात कासव, देवमासा किंवा बहिरी (व्हेल शार्क) असा संरक्षित जीव अडकला आणि जाळं कापून तो सोडला, तर नुकसानभरपाई म्हणून २५,००० रुपयांपर्यंत रक्कम देण्याची राज्य सरकारची योजना आहे. जीव जाळ्यात असतानाचे आणि सोडतानाचे फोटो काढून ठेवायला सांगा.

ऑलिव्ह रिडले कासवांचा विणीचा हंगाम कोकणात हिवाळ्यात सुरू होतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेनं गावकऱ्यांसोबत २००२ पासून घरटी राखली आणि गावातच पाहुण्यांची सोय उभी केली. लोकांना घेऊन तिथे जाणार असाल तर फ्लॅश नको, टॉर्च नको, पिल्लांच्या वाटेत पाय नको. पिल्लं उजळ क्षितिजाच्या दिशेनं चालतात. चुकीचा दिवा दिसला की ती समुद्राकडे पाठ फिरवतात.

९. नोंद आणि सफाई

प्रत्येक फेरीची तारीख, तिथी, ओहोटीची उंची आणि पाहिलेले जीव एका वहीत लिहा. फोटो 'आयनॅचरलिस्ट' या संकेतस्थळावर टाका, जाणकार नावं सुचवतात. ऑक्टोपसची कपार किंवा समुद्रघोड्याची जागा मात्र नकाशावर नेमकी दाखवू नका.

कचरा वेचण्याचा कार्यक्रम फेरीच्या दिवशी ठेवू नका. दोन्ही अर्धवट होतात. वेगळ्या दिवशी करा आणि कचरा कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. सुकलेलं समुद्रशेवाळ, शिंपले, माकुलाचा पांढरा हाडासारखा तुकडा हे सगळं किनाऱ्याचंच आहे. प्लॅस्टिक उचला, बाकीचं राहू द्या. खडकात रुतलेलं जुनं जाळं ओढून काढू नका. आधी त्यात कोण राहतं ते पाहा, आणि मोकळं असेल तेवढंच कापून आणा.

पहिल्या फेरीआधी निदान चार ओहोट्या एकट्यानं किंवा मावशींसोबत चाला, त्यातली एक भांगाची. पाणी कुठपर्यंत उतरत नाही, हेही पाहून ठेवायला हवं.